नळ कोरडा आणि बोअरची चावी मालकाकडं: वडगाव, शहापूर, अनगोळचे भाडेकरू, बोला

वडगाव_गल्ली:
नमस्कार मंडळी. बेळगावात भाड्यानं राहणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. आम्ही वडगावात आहोत, तळमजल्यावर मालक आणि वर आम्ही चार बिऱ्हाडं. भाडं साडेसात हजार, डिपॉझिट पन्नास हजार, अकरा महिन्यांच्या कराराचा बाँड. घर तसं बरं आहे खरं पाण्याचं काय सांगू. नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतंय, ते पण पहाटे तासभर, आणि नळाचं कनेक्शन मालकाच्या टाकीला. ती भरली तर आमची भरणार, उन्हाळ्यात ती भरतच नाही. मग राहिली बोअर. बोअरच्या व्हॉल्व्हला साखळी घालून कुलूप लावलंय आणि चावी मालकीणबाईंच्या कमरेला. सकाळी अर्धा तास सोडतात. भाडं दोन दिवस पुढं गेलं की त्या अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं होतात, तोंडानं कोण काही बोलत नाही, पाणीच कमी येतं आणि आपण काय ते समजून घ्यायचं.

लाईटचं वेगळंच. जिन्याखाली चार सबमीटर आहेत, त्यातल्या एकाची काच फुटलीय आणि वर चिकटपट्टी लावलीय, आतला आकडा दिसत नाही. एक तारखेला वहीच्या कागदावर चिठ्ठी येते, मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, गुणिले दहा रुपये. सरकारी घरगुती दर सहाच्या आसपास आहे. मेन मीटर चौघांत एकच, म्हणून २०० युनिटच्या वर जाणारच, त्यामुळं गृहज्योती, म्हणजे सरकारची फुकट लाईटची योजना, आम्हाला नाही. मालकाचं खालचं मीटर वेगळं, त्यांना झिरो बिल. २०२३ पासून योजना चालू आहे आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्या बिलात एक पैसा कमी झाला नाही.

मला वाटतं घरमालकाचा त्रास आणि पाण्याचा त्रास हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. नळाला रोज पाणी आलं असतं तर त्या कुलपाला कोण विचारलं असतं? तुमच्याकडं काय परिस्थिती आहे आणि कुणी काय करून बघितलं ते लिहा. मालकाचं, ऑफिसचं नाव नको, फक्त काय घडलं ते.

शहापूर_मागवाला:
मामा हिकडं पण त्येच हाय की. आमचं घर म्हणजे जुना वाडा, आज्ज्यापासून त्यातच राहूलालोय, शहापूर सांगली संस्थानात होतं तवाचे आम्ही. मागच्या खोलीत दोन माग हाईत. भाडं कमी हाय ते मान्य करतो, खरं म्हातारे मालक वारले आणि पोरांना आता तिथं अपार्टमेंट बांधायचंय. नोटीस नाही काय नाही, नुसतं कौलं बदलायची सोडून दिली. पावसाळ्यात आमच्याकडं कसा पडतोय म्हाईत हाय तुम्हाला, जून ते सप्टेंबर मागावर ताडपत्री टाकून बसायचं, ताणा भिजला की सगळं वाया. आपल्या पैशानं कौलं घालतो म्हटलं तर हात लावायचा नाही म्हणतात. आता आठ दिवस झाले संडासचा पाईप फुटलाय, दुरुस्त करूलाले नाहीत. आम्ही आपणहून जावं म्हणून चाललंय हे. मागाचं सामान घेऊन जायचं कुठं?

कोर्टाजवळची_काकू:
वडगाव_गल्ली आणि शहापूरकर, दोघांनाही एकदमच उत्तर देते, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे हे डोक्यात पक्कं ठेवा की कोर्टाच्या हुकुमाशिवाय भाडेकरूला घरातून काढता येत नाही. बाँडची मुदत संपली तरी नाही. सामान बाहेर टाकणं, कुलूप बदलणं हे बेकायदा आहे, आणि असं कुणी केलंच तर १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याचं कलम ६ आहे, सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर घर कुणाचं हा वाद बाजूला ठेवून आधी ताबा परत मिळतो. सहा महिने उलटले की हा दरवाजा बंद, म्हणून थांबू नका.

दुसरं, कर्नाटकाचा भाडे कायदा. १९९९ चा आहे, २००१ च्या ३१ डिसेंबरपासून लागू. त्यात भाड्याची मर्यादा आहे, गावाप्रमाणं साडेतीन हजार किंवा दोन हजार, त्याच्यावरची घरं त्यात येत नाहीत. म्हणजे आजची बहुतेक भाडी बाहेर पडली. वडगावच्या भाऊंना त्यामुळं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू पडेल, त्यात महिन्याच्या भाडेकरूला कलम १०६ प्रमाणं निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस आली म्हणजे दुसऱ्या दिवशी घर सोडायचं असं अजिबात नाही, त्यानंतर मालकाला दावा लावावा लागतो. शहापूरच्या दादांचं भाडं कमी आणि वास्तव्य जुनं, तुमची केस १९९९ च्या कायद्यात बसण्यासारखी वाटते, पण कागद बघितल्याशिवाय मी खात्रीनं सांगणार नाही. जुन्या भाडेपावत्या, लाईट बिल, मतदार यादी, रेशनकार्ड, त्या पत्त्यावरचं जे असेल ते गोळा करून ठेवा. गळक्या छपराचे, फुटलेल्या पाईपचे तारखेसकट फोटो काढा आणि दुरुस्तीची मागणी लेखी द्या, स्पीड पोस्टानं. तोंडी मागणी कोर्टात सिद्ध करणं अवघड जातं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. कोर्टाच्या आवारातच जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणं बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो, एससी एसटी लोकांना पण, बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. डिपॉझिट अडकलं असेल तर दावा लावायच्या आधीच लोकअदालतीत अर्ज करता येतो, त्याला कोर्ट फी नाही. तिथून नोटीस गेली की निम्मे मालक ताळ्यावर येतात, हे मी बघितलेलं सांगते.

आणि भाडं रोख देऊ नका हो. फोनवरून पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा.

वडगाव_गल्ली:
काकू लई उपकार. आमच्याकडं भाडं रोखच घेतात, फोनवर पाठवतो म्हटलं तर नको म्हणतात. पावती पण देत नाहीत. मग काय करायचं?

कोर्टाजवळची_काकू:
पोस्टाची मनीऑर्डर करा. नाकारली तर नाकारल्याचा शेरा मारून परत येते, तोच तुमचा पुरावा. भाडं दिलं नाही असं उद्या म्हणायची सोय राहत नाही.

खानापूर_जांबोटी_रोड:
आमचं दुखणं जरा वेगळं वाटेल खरं मुळात एकच आहे. आम्ही खानापूर तालुक्यातले, जंगलाकडचं गाव. बायकांना बस फुकट झाली २०२३ च्या ११ जूनला, चांगलं झालं, माझी आई आता दवाखान्याला कुणाला पैसे न मागता जाते, त्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला पटत नाही. पण माणसं वाढली आणि गाड्या तेवढ्याच. सकाळची गाडी भरून आली की आमच्या स्टॉपला थांबतच नाही, पोरं रस्त्यावर हात करत उभी. संध्याकाळची कधी येते कधी नाही. बहिणीचं कॉलेजचं वर्ष असंच निम्मं बुडालं म्हणून शेवटी बेळगावात तिला रूम करून दिली. एका खोलीत चौघी, प्रत्येकीचे तीन हजार, म्हणजे त्या दहा बाय बाराच्या खोलीचे मालकाला बारा हजार. रात्री आठनंतर गेट बंद, प्रॅक्टिकल लांबलं तर बाहेर उभं राहायचं. आणि मध्येच सोडलं तर डिपॉझिट जप्त असं कागदावर लिहून घेतलंय.

गावातली मराठी शाळा पण तशीच, मास्तर एक आणि वर्ग चार. ज्याला जमतं तो पोरांना घेऊन तालुक्याला नाहीतर बेळगावला जातो. बस धड असती, शाळा धड असती तर निम्मी माणसं भाड्याच्या खोलीत आलीच नसती. मालकांना गिऱ्हाईक कोण पुरवतंय तर ही बंद पडत चाललेली बस आणि शाळा. माझ्या वडलांची तीन एकर शेती आहे, त्यातले पैसे सगळे त्या खोलीत चाललेत.

मच्छे_स्टुडंट:
+१. आमच्याकडं पण खोलीत चार कॉट. वायफायचे पैसे वेगळे, टँकरचे वेगळे, इस्त्री लावली तर दंड.

हुबळीहून_आलेला:
मी कन्नड माणूस, बँकेच्या बदलीनं बेळगावात आलो, मराठी इथंच शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा मालक मराठी आहे आणि मला जो त्रास आहे तो वडगावच्या भाऊंसारखाच आहे, अगदी सबमीटरसकट. माझ्या वरच्या मजल्यावरचे मराठी आहेत, त्यांना पण तोच. म्हणून आधीच सांगतो की ह्या धाग्यात भाषेचं भांडण आणू नका.

सीमावासी_६९:
भाषेचं भांडण आम्ही आणत नाही हो, ते आहेच. पाण्याच्या ऑफिसात फॉर्म कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, माझ्या आईला ऐंशी वर्षांत कन्नड वाचता आलं नाही, तिनं तक्रार कशी करायची? मराठीत अर्ज दिला तर टेबलावरून परत सरकवला. आता भाडे कराराचे बाँड पण टायपिंगवाले कन्नडमध्ये करून देतात, माणूस न वाचता सही करतो आणि मग कळतं की दर वर्षी दहा टक्के वाढ लिहिलेली होती.

कोर्टाजवळची_काकू:
मराठी अर्ज परत करायचा अधिकार त्यांना नाही. घटनेचं कलम ३५० वाचा, गाऱ्हाणं मांडायचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याकडं देता येतं. अर्जाच्या वरच तेवढं एक वाक्य लिहा, दोन प्रती करा, एकीवर पोचीचा शिक्का घ्या. घेतच नसतील तर स्पीड पोस्ट. कराराचं म्हणाल तर मराठी तर्जुमा मागा, आणि मिळेपर्यंत सही करू नका. घर हातचं जाईल म्हणून लोक घाई करतात आणि तिथंच अडकतात.

हुबळीहून_आलेला:
हे मला पटतं. आजींना कळेल अशा भाषेत नोटीस मिळाली पाहिजे, त्यात वाद नाहीच. आमच्या गल्लीचा अर्ज आम्ही दोन्ही भाषांत लिहिला, एकाच कागदावर, खाली सगळ्यांच्या सह्या. कन्नड मजकूर मी लिहिला, मराठी वरच्या वहिनींनी. तो अर्ज परत सरकवायला कारणच मिळालं नाही.

सीमावासी_६९:
हे चांगलं केलंत. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो लागेल तेव्हा लागेल, त्यावर माझं मत मी सोडणार नाही. खरं तोपर्यंत आईला पाणी रोज लागतं. सह्या घेताना आमच्या घरी पण या.

लीजमध्ये_अडकलेली:
मी इथं पहिल्यांदाच लिहितेय. आमचं भाड्याचं नाही, लीजचं आहे. टिळकवाडीत तीन वर्षांसाठी सहा लाख एकरकमी दिले, महिन्याला भाडं नाही, सोडताना पूर्ण पैसे परत, असं ठरलं. मिस्टरांच्या पीएफचे पैसे होते. मुदत संपली, आता मालक म्हणतात दुसरा लीजवाला आणा, तो देईल ते पैसे तुम्ही घ्या. त्यात मागच्या महिन्यात दारावर बँकेची नोटीस चिकटली, घरावर कर्ज आहे आणि हप्ते थकलेत. आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. कागद फक्त स्टँप पेपरवर आहे, रजिस्टर केलेला नाही. झोप लागत नाही हो. घर सोडावं का?

कोर्टाजवळची_काकू:
ताई, पैसे हातात पडेपर्यंत किल्ली देऊ नका. ताबा हीच तुमची बाजू आहे. उद्याच बँकेला लेखी कळवा की आम्ही ताब्यात आहोत, अमुक तारखेला एवढी रक्कम दिली, सोबत पैसे दिल्याचा पुरावा. आणि मी वर लिहिलेल्या प्राधिकरणात स्वतःच्या नावानं जा, तुम्हाला वकील मोफत मिळेल.

बाकीच्यांनी हे ध्यानात ठेवा. मोठी रक्कम देऊन घर वापरायला घेणं हा व्यवहार गहाणासारखा आहे आणि शंभर रुपयांच्या वरचं असं गहाण रजिस्टर करावं लागतं, साध्या बाँडवर ते उभं राहत नाही. रजिस्टर केलं की तुमचं नाव घराच्या बोज्यात चढतं. पैसे द्यायच्या आधी कावेरी पोर्टलवरून त्या घराची ईसी, म्हणजे बोज्याचा दाखला, काढा, कर्ज असेल तर बऱ्याचदा तिथंच दिसतं. आणि बँकेचं कर्ज तुमच्या आधीचं असेल तर बँकेचा हक्क आधी लागतो, म्हणून असं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

अनगोळ_घरमालकीण:
मी मालकीण आहे, दोन खोल्या भाड्यानं देते, त्यावरच घर चालतं. सगळ्या मालकांना एका मापानं मोजू नका एवढी विनंती. आमची बोअर मार्चमध्ये आटते. टँकर मी विकत घेते, फोन केला तर दोन दिवसांनी येतो, त्याचे पैसे भाडेकरूकडं मागितले की मी वाईट. शहराच्या काही भागात चोवीस तास पाण्याची योजना आधी करून दाखवली, ते लोक निवांत आहेत, आम्ही वर्षानुवर्षं आमचा नंबर कधी लागतो म्हणून बघतोय. रस्ते खणून पाईप घातले, खड्डे तसेच. राकसकोप धरणात पाणी कमी झालं की आमचे दिवस वाढतात, हिडकल धरणाचं पाणी आमच्याकडं पोचत नाही. एक भाडेकरू चार महिन्यांचं भाडं बुडवून रात्रीत गेला, तेव्हा कोण आलं नाही विचारायला. तरी मी व्हॉल्व्हला कुलूप कधी लावलं नाही, पाण्याला कुलूप लावणं मला पटत नाही.

वडगाव_गल्ली:
काकी, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. तुमच्यासारख्या मालकांनी आमच्याबरोबर सही केली तर त्या अर्जाला वजन येईल. टँकरचे पैसे मागण्यात काही चूक नाही, बिल दाखवून वाटून घेतलं तर कोण नाही म्हणणार.

माहिती_मागा:
पाण्याच्या अर्जाबद्दल लिहितो. नुसतं "पाणी येत नाही" असं लिहून काही होत नाही, ऑफिसवाले हात वर करतात. माहिती अधिकारात विचारा, आमच्या गल्लीला गेल्या सहा महिन्यांत कुठल्या तारखेला किती वाजता पाणी सोडलं, व्हॉल्व्हमनच्या नोंदवहीची प्रत द्या. एवढंच. कर्नाटकात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय, लांबलचक लिहिलं की त्याच कारणानं परत पाठवतात. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. नोंदवही हातात आली की आपल्या गल्लीला चार दिवसाआड आणि शेजारच्या वॉर्डात एक दिवसाआड का ते नगरसेवकाला तोंडावर विचारता येतं.

दुसरं म्हणजे सकाल, सरकारी कामं वेळेत करून द्यायचा कायदा. २०११ चा आहे, दाखले, परवाने, खाता (मालमत्तेच्या नोंदीवरचं नाव) बदल असल्या कामांना मुदत ठरवलेली आहे. अर्ज दिला की जीएससी नंबरची, म्हणजे आपल्या अर्जाच्या नंबरची, पोच मागायची, मुदत टळली तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, भरपाई मागता येते. पाचशे रुपयांनी कुणाचं घर चालत नाही, पण ती अधिकाऱ्याच्या पगारातून जाते म्हणून फाईल हलते. बरेच जण पोचच घेत नाहीत.

नगरसेवकाबद्दल पण लिहितो. इथं ५८ वॉर्ड आहेत. निवडणूक झाली २०२१ च्या सप्टेंबरात आणि महापौर बसले २०२३ च्या फेब्रुवारीत, मधला सगळा काळ निवडून आलेली माणसं असून कारभार अधिकाऱ्यांच्याच हातात. अशा वेळी गल्लीतल्या फुटलेल्या पाईपची तक्रार कोण कुणाकडं करणार? १९७६ च्या महापालिका कायद्यात वॉर्ड समितीची तरतूद आहे, रहिवासी त्यात बसू शकतात. भाडेकरू पण रहिवासीच आहे, मतदार यादीत नाव तेवढं इथलं पाहिजे. भाड्यानं राहणारे बहुतेक जण नाव गावीच ठेवतात, मग नगरसेवक त्यांना कशाला मोजेल.

खानापूर_जांबोटी_रोड:
बसला पण हीच माहिती मागता येईल का? कुठल्या फेऱ्या मंजूर आहेत आणि खरंच किती सुटल्या?

माहिती_मागा:
येईल की. डेपोची लॉगशीट मागा, एका मार्गाची आणि एका महिन्याचीच. कॉलेजच्या पोरांच्या पासची संख्या वेगळ्या अर्जात मागा, दोन्ही शेजारी ठेवले की वाढीव गाडी मागायला आधार मिळतो. आणि प्राचार्यांचं पत्र जोडा.

लाईनमनचा_मुलगा:
सबमीटरबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो, वडील ह्याच कामात होते. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ४३ बघा, घराचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तर वीज कंपनीनं कनेक्शन द्यायचं. भाडेकरू हा ताबेदार. ऑफिसात मालकाचं ना हरकत पत्र आणा म्हणतील, मालक देत नसेल तर करार जोडून लेखी अर्ज द्या आणि नाकारायचं असेल तर कारण लेखी मागा. आणि लायसनशिवाय वीज विकायचा अधिकार कुणाला नाही, सहाची दहाला देणं म्हणजे दुसरं काय?

स्वतंत्र मीटर झालं की गृहज्योतीला अर्ज करा. बिलावरचा नंबर, आधार, आणि भाडे करार किंवा त्या पत्त्याचं मतदार कार्ड, कर्नाटक वन (One) नाहीतर ग्राम वन ह्या सरकारी सेवा सेंटरला करून देतात. फुकट म्हणजे सरसकट २०० युनिट नव्हे, आधीच्या वापराची सरासरी आणि वर थोडी वाढीव युनिटं, २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल. आधीच्या घरात तुमचं आधार जोडलेलं असेल तर ते पहिल्यांदा काढून घ्यावं लागतं, नाहीतर नवीन अर्ज अडकतो. ही सोय आता दिलेली आहे. फुटलेल्या काचेच्या सबमीटरचं रीडिंग मान्य करू नका, १ तारखेला चौघांनी मिळून उभं राहून फोटो काढा.

शहापूर_मागवाला:
काकू, जुन्या पावत्या सापडल्या आज्ज्याच्या ट्रंकेत. मोडीत लिहिलेल्या हाईत थोड्या, चालतील काय?

कोर्टाजवळची_काकू:
चालतील की. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून सही घ्या, मूळ पावती कुणाच्या हातात देऊ नका, मालकाच्या तर नाहीच. पाईपचं पत्र आधी पाठवा, पावत्या घेऊन मग या.

लीजमध्ये_अडकलेली:
बँकेला पत्र दिलं, पोच मिळाली. प्राधिकरणात पण जाऊन आले, वकीलबाई दिल्या आहेत. निदान कुणाशी बोलायचं ते तरी कळलं. मिस्टर पण आज जेवले नीट.

वडगाव_गल्ली:
ताई, बातमी वाचून बरं वाटलं, पुढं काय होतंय ते इथं लिहीत राहा.

आमच्याकडचं असं ठरलंय. चौघांनी मिळून मालकांना पत्र दिलं, भांडण न करता, सबमीटर बदलून द्या नाहीतर आम्ही स्वतंत्र मीटरला अर्ज करणार आणि व्हॉल्व्हचं कुलूप काढा. मालक चिडलेत, पत्र घेतलं खरं. पाण्याच्या नोंदवहीचा माहिती अर्ज माझ्या नावानं जातोय. गल्लीचा अर्ज दोन्ही भाषांत करतोय, कन्नड बाजू हुबळीचे साहेब तपासून देणार आहेत. अनगोळच्या काकी आणि सीमावासी भाऊ, सह्यांचा कागद रविवारी सकाळी घेऊन येतो. वडगाव, खासबाग, शहापूरमधलं अजून कुणी असेल तर गल्लीचं नाव आणि पाणी किती दिवसाआड येतं तेवढं खाली लिहा, म्हणजे अर्जात घालता येईल.

खासबाग_पूल:
सहा दिवसाआड, पहाटे चारला. सही करणार, आमच्या चाळीतली अकरा बिऱ्हाडं धरा.